पहिला नंबर रिकामा

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको. मला ते संगीत कळत नाही, आणि आवडायचं तर नावच काढू नका. दिवसभर पाळणाघरात पोरांची रडारड ऐकून घरी यावं, दार उघडावं, तर आत कुणीतरी मोठा बाप्या त्या पोरांपेक्षा जोरात भोकाड पसरलेला, आणि मागे कुणीतरी पत्र्यावर हातोडे घालतंय. ह्याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. लग्न झालं त्याच आठवड्यात मी नवऱ्याला विचारलं होतं, "मेटल ते समजलं, ऐकूच येतंय. पण ह्यात प्रोग्रेस कुठे आहे? अर्धा तास झाला, गाणं आहे तिथेच आहे." त्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला चिडवलेलं चालतं. खोटं बोललेलं चालत नाही. हे लक्षात ठेवा.

आज सांगतेय ते ह्या नवऱ्याचं आणि त्याच्या दोस्ताचं. दोस्त हा शब्द आता माझ्या जिभेवर येत नाही, पण दुसरा आला तर शिवी येईल, म्हणून दोस्तच म्हणते.

नवरा चष्म्याच्या काचा घासतो. दुकानाच्या मागच्या खोलीत फिरत्या चाकावर काच धरायची आणि फ्रेमच्या मापाला आणायची, तरुणपणापासून हेच काम. बोटांची टोकं पार गुळगुळीत झालीत. गल्लीत सगळे त्याला चष्मेवाला म्हणतात, मीसुद्धा. साऱ्या गावाचे चष्मे करतो आणि स्वतःचा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. स्वभावाने गरीब. रांगेत कुणी मध्ये घुसलं तर हाच मागे सरकतो. मी त्याला म्हणते, "तुला कुणीही टोपी घालावी." तो म्हणतो, "घालू दे ना, डोकं झाकलं जातं."

आणि दोस्त म्हणजे गिअर. लांब पल्ल्याची बस चालवतो, म्हणून हे नाव, नवऱ्यानेच ठेवलेलं. आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी दोघांची गाठ एका कॅसेटच्या दुकानात पडली. असल्याच मेटलवाल्या एका बँडची एकच कॅसेट उरली होती आणि दोघांनी ती एकदमच धरली. एकाने ह्या टोकाला, दुसऱ्याने त्या टोकाला. दुकानदार वैतागून म्हणाला, "अर्धी अर्धी कापून देऊ का?" शेवटी दोघांनी मिळून घेतली. एक आठवडा तुझ्याकडे, एक आठवडा माझ्याकडे. पहिला आठवडा गिअरचा. हा रोज काम सुटल्यावर बस स्टँडवर जाऊन त्याला विचारायचा, "कसं आहे?" आणि तो स्टिअरिंगवर बसल्या बसल्या मान हलवायचा, "सांगून कळणार नाही रे."

ह्या एका वाक्यापायी नवऱ्याला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. चिडला तो, असं नव्हे. त्याला वाटलं, आपण बाहेर राहिलो. गिअरच्या ते ध्यानात आलं आणि तो स्वतःच घरी आला, म्हणाला, "चुकलंच माझं. ह्यापुढे ह्यांचं नवीन काहीही आलं तरी पहिल्यांदा ऐकायचं ते दोघांनी, एकत्र. आधी कुणीही नाही." नियम त्याचा. कान उघडे ठेवून ऐका: नियम त्याने केला. आम्ही नाही त्याच्या गळ्यात मारला.

मग ती एकत्र ऐकण्याची बैठक आमच्या बाहेरच्या खोलीत भरायला लागली. नवी कॅसेट, पुढे नवी सीडी, पाकीट फोडायचं ते दोघांसमोर. सकाळची वेळ, फोन बंद, ऐकताना कुणी अवाक्षर काढायचं नाही. बाहेर पेपरवाला बोंबलला तरी दार उघडायला मी जायचं. एकदा मी चमचा खाली पाडला तर दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी कुणाचा खून केला.

आणि बैठकीनंतर नंबर द्यायचे. हा सगळा कारभार माझ्या कपड्यांच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, पेन्सिलीने. पेन्सिल का, तर गाणी वरखाली होतात. त्या बँडची सगळी गाणी तिथे आहेत, पण खरी नावं ह्यांनी कधी लिहिली नाहीत. दोन नंबरला 'गिरणी'. सुरू झाल्यावर जमीन हादरते म्हणून. तीन नंबरला 'अर्धा जिना', कारण ते वर चढत जातं आणि कुठेच पोचत नाही. त्यावर वर्षानुवर्षं भांडण, गिअर म्हणायचा हेच दोन नंबरला पाहिजे, आणि नवरा म्हणायचा, "पोचत नाही त्याला दुसरा नंबर? काय बोलतोस?" मध्येच कुठेतरी 'सासूबाई' आहे, जी आता संपली म्हणता म्हणता पुन्हा सुरू होते. ते नाव मी सुचवलं. आणि सगळ्यात खाली 'जावईबापू'. रेडिओवर वाजावं म्हणून बँडने केलेलं गोडगोड गाणं. नटून थटून आलं, बसलं, काही न करता गेलं.

मी पंच. नवीन गाणं ऐकून झालं की दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर नंबर लिहायचा, एकमेकांना न दाखवता, आणि माझ्या हातात द्यायचा. दोन्ही नंबर जुळले तरच गाणं तिथे चढणार. नाही जुळले की वाद, आणि वाद मिटेपर्यंत मला कपाट उघडून नवे कपडे काढायची चोरी. मी नेहमी म्हणायचे, "अरे, संसदेत कायदे होतात एवढ्या वेळात."

आणि एक नंबर? एक नंबर रिकामा. पहिल्यापासून. ते म्हणायचे, "अजून यायचंय." मी म्हणायचे, "गिरणीला द्या की, बिचारी किती वर्षं दोन नंबरवर ताटकळली आहे." तर नवरा गंभीर होऊन म्हणायचा, "नाही गं. ह्यांच्यात एक गाणं आहे, ते त्यांनी अजून केलेलं नाही. ते आलं की कळेल." हसा खुशाल, मीही हसायचे. पण माणसाने आयुष्यात कशाची तरी वाट बघावी. काही लोक लॉटरीची बघतात, हा ह्याची बघत होता.

गिअर वाईट माणूस नाही. वाईट असता तर एव्हाना विसरले असते. नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा हा माणूस ड्यूटी करून यायचा आणि दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या झोपायचा. माझे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला सख्ख्या भावाच्या आधी पोचला. मला वहिनी म्हणायचा आणि मी त्याला भाऊजी, आणि ते काही तोंडदेखलं नव्हतं. म्हणूनच सांगते, परक्याने दगड मारला तर टेंगूळ येतं. घरच्याने मारला तर कुठे लागलं तेच बघवत नाही.

तर मध्यंतरी बँडने जाहीर केलं की आता एकच सीडी काढणार आणि थांबणार. हातपाय थकले, म्हणाले. नवऱ्याने ती बातमी दोनदा वाचली, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाला, "म्हणजे आलं तर ह्यात आलं. नाहीतर नाहीच." त्या दिवसापासून घरात परीक्षेचं वातावरण.

सीडी आली. टपालवाल्याने आणून दिली, वरचं टपालाचं वेष्टण काढून आतलं सीडीचं पाकीट ह्याने पुसून शेल्फवर उभं करून ठेवलं, न फोडता. गिअरला फोन केला. गिअर म्हणाला, "ह्या रविवारी ड्यूटी आहे रे. पुढच्या रविवारी." बरं. पुढच्या रविवारी फोन, "अरे, बदली ड्रायव्हर आलाच नाही, मलाच जावं लागतंय." बरं. तोपर्यंत माझ्या नवऱ्याचे काय हाल! दुकानात काउंटरवरच्या बाईने सहज विचारलं, "अहो, तुमच्या त्या बँडचं नवीन आलंय ना, कसं आहे?" तर ह्याने चाक सुरू केलं आणि काच नसताना तसंच फिरवत ठेवलं, पुढचं कानावर पडू नये म्हणून. घरी रेडिओ बंद. फोनवर कुणी काही पाठवेल म्हणून फोन माझ्याकडे. संध्याकाळी शेल्फसमोर उभा राहायचा, पाकिटावरचं चित्र बघायचा आणि परत जागेवर येऊन बसायचा.

शेवटी मीच म्हणाले, "ऐकून टाक ना. भाऊजींना काय कळणार आहे?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की मीच ओशाळले. "त्याला नाही कळणार," तो म्हणाला, "पण मला कळेल ना."

तिसऱ्या रविवारी गिअर आला. नवा शर्ट, दाढी गुळगुळीत. "चल चष्मेवाल्या, फोड!" म्हणाला. हात चोळत होता. नवऱ्याच्या गुळगुळीत बोटांना पाकिटाचं प्लास्टिक निघेना. मी नखाने काढून दिलं. दोघे आपापल्या खुर्च्यांवर बसले, नवरा खिडकीकडे, गिअर दाराकडे, आणि मी नेहमीसारखी मोरीच्या दाराशी स्टुलावर.

सुरुवातीची गाणी झाली. गिअर मध्येच भुवया वर करायचा, एकदा तोंडावर हात ठेवून "बापरे" अशी नुसती ओठांची हालचाल केली. नवरा खूश. मग आलं शेवटचं, लांबलचक गाणं.

आता मला त्यातलं कळत नाही म्हटलं, पण इतकी वर्षं पंच झाल्यावर दगडालाही थोडं कळतं. ही मंडळी सरळ चार-चार मोजत नाहीत. सात मोजतील, मग पाच, मग पुन्हा सात, म्हणजे तुम्ही पाय ठेवायला जाल तर पायरी नाहीच. ह्या गाण्यात तर ते सगळं वाजता वाजता एकदम थांबायचं. घरात चिडीचूप. आणि मग कधीतरी ढोलाचा एकच ठोका. कधी ते तुम्हाला सांगता येणार नाही. तुम्हाला वाटेल आता, तेव्हा नाही. वाटेल हुकला, तेव्हा धाडकन. आणि असं त्या गाण्यात तीनदा होतं, आणि तिन्ही वेळा शांततेची लांबी वेगळी.

पहिल्यांदा थांबलं. मी श्वास रोखला. ठोका पडला तशी मी दचकले. नवराही दचकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की मला वाटलं, आलं! हेच ते. इतक्या वर्षांत त्याचा असा चेहरा मी एकदाच बघितला होता, लेक झाली तेव्हा.

आणि मग त्याची नजर गिअरकडे गेली, आनंद वाटून घ्यायला जाते तशी. गिअर डोळे मिटून बसला होता. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा.

दुसऱ्यांदा थांबलं. मला वाटलं, नवऱ्याला काही होतंय का, कारण तो स्पीकरकडे बघतच नव्हता. तो गिअरच्या हाताकडे बघत होता. मीही बघितलं. खुर्चीच्या हातावर गिअरचं मधलं बोट उचललेलं. ह्या वेळची शांतता भलतीच लांब. आणि ठोका पडला, त्याच क्षणी बोट पडलं. आधी नाही, नंतर नाही, बरोबर त्यावर.

तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा माझा नवरा गाणं ऐकत नव्हता. ते बोट बघत होता. आणि बोट पडलं. बरोबर.

गाणं संपलं. गिअरने डोळे उघडले, पुसल्यासारखं केलं. "काय केलंय रे, काय केलंय ह्यांनी!" म्हणाला. नवऱ्याने कागद पुढे ओढला. चिठ्ठी लिहिली, घडी केली, माझ्या हातात दिली. गिअरनेही दिली. मी उघडल्या. दोन्हीवर एकच आकडा. एक.

गिअर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला. "जुळलं! वहिनी, जुळलं! उघडा कपाट!"

नवरा बसूनच होता. त्याने विचारलं, "कितव्यांदा?"

"काय कितव्यांदा?"

"हे गाणं. तू कितव्यांदा ऐकलंस?"

"अरे वेड लागलंय का तुला? आत्ताच तर..."

"तुझं बोट, गिअर," नवरा म्हणाला. एखाद्या मुलाला समजवावं इतक्या हळू. "दुसऱ्या ठोक्यावर पडलं, तिसऱ्यावरही पडलं. पहिल्यांदा ऐकताना ते वाजवणाऱ्याच्या बापालाही जमणार नाही."

गिअर हसला. मग हसणं अर्ध्यावर राहिलं. माझं डोकंच सणकलं. मी म्हणाले, "भाऊजी, माझ्या डोळ्यांत बघून सांगा."

त्याने बघितलं नाही. खाली बसला. मग एकेक शब्द ओढून काढावा तसा बोलायला लागला. दुसऱ्या डेपोतल्या एका कंडक्टरकडे सीडी होती, त्याने गाडीत लावली. "मी म्हटलं त्याला बंद कर. खरंच म्हटलं, वहिनी."

"मग?"

"त्याने बंद केली नाही."

"आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशीही त्यानेच लावली?"

गिअर नव्या शर्टाचं बटण चाचपायला लागला.

"आणि त्या दोन रविवारच्या ड्यूट्या?" नवऱ्याने विचारलं.

"ड्यूटी नव्हती," गिअर म्हणाला. "तोंड घेऊन कसा येऊ, म्हणून टाळलं. मग वाटलं, कशाला सांगायचं. तुझा आनंद कशाला मोडायचा. तुझ्यासाठीच केलं रे."

"त्याच्यासाठी?" मी ओरडलेच. "तो शेल्फसमोर उभा राहून चित्र बघत होता, उपाशी माणूस दुसऱ्याची वाट बघत ताटावर बसावा तसा, आणि तुम्ही तिकडे भरल्या गाडीत चापून आलात! आणि इथे येऊन वर बापरे, बापरे! पोटात एक आणि ओठात एक. केसाने गळा कापलात हो भाऊजी, केसाने!"

नवऱ्याने हात वर करून मला थांबवलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तू फोन करून सांगितलं असतंस ना, गड्या, राहवलं नाही, ऐकलं, तर मी तुला चार शिव्या दिल्या असत्या. मग म्हटलं असतं, ये, आता मी ऐकतो, तू बस समोर. तेही चाललं असतं मला. पण तू मला एकट्याला ऐकायला बसवलंस. आणि मी एकटा आहे हे कळूही दिलं नाहीस."

गिअर रडला. खरं रडला की नाही, मी आता पैज लावणार नाही. दवाखान्याच्या बाकावरचा तो माणूस आणि हा, दोन्ही एकच, हे माझ्याच्याने गिळवत नव्हतं. निघताना उंबऱ्यात थबकला, "वहिनी, तुम्ही तरी त्याला सांगा," म्हणाला. मी दार लावून घेतलं. त्याच्या तोंडावर लावलं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते नंतर, दोघांच्या दोन खुर्च्या बघून.

मी मग आपली त्याला सावरायला गेले. नवऱ्याला म्हटलं, "जाऊ दे. गाणं तरी कसं होतं ते सांग. की त्याला दुखवायचं नाही म्हणून एक लिहिलंस?"

तो म्हणाला, "नाही गं. तेच होतं. एवढी वर्षं म्हणत होतो ना, अजून यायचंय, ते आलं." मग कपाळावरचा चष्मा काढून हातात धरला. "पहिल्यांदा ऐकणं एकदाच असतं. आणि मी त्याचं बोट बघत बसलो."

इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मनात गिअरचा असा उद्धार केला, की तो इथे सांगता येणार नाही.

पुढे गिअरचे निरोप आले. एकदा तो दुकानाशी येऊन उभा राहिला, नवरा मागच्या खोलीतून बाहेरच आला नाही. काउंटरवरची बाई म्हणाली, "चष्मेवाले काम करतायत." हे खरंही होतं. एकदा मला रस्त्यात भेटला, केस एकदम पांढरे दिसले. जीभ नुसती वळवळली, पण नाही बोलले.

एक दिवस मी स्वतः पेन्सिल घेऊन कपाट उघडलं. म्हटलं, निदान ह्या बिचाऱ्या गाण्याचा काय दोष? ह्याला विचारलं, "काय नाव लिहू?" तो कपड्यांच्या घड्या घालत होता. म्हणाला, "राहू दे." मी म्हटलं, "अरे, दोघांच्या चिठ्ठ्या जुळल्या होत्या. पंच मी आहे." तर म्हणाला, "चिठ्ठ्या जुळल्या. पण बैठक कुठे झाली?" आणि मी पेन्सिल ठेवून दिली. एक नंबर अजून रिकामा आहे.

गाणं मात्र तो लावतो. रविवारी सकाळी, एकटाच, खिडकीकडच्या खुर्चीत. मी स्टुलावर असते, मला कळत नाही तरी असते. समोरची खुर्ची मी मुद्दाम हलवलेली नाही, आणि त्यानेही नाही. गाणं वाजत वाजत येतं आणि एकदम थांबतं. घरात चिडीचूप. आणि आता इतक्यांदा ऐकून झाल्यावर खुर्चीच्या हातावर माझ्या नवऱ्याचं बोट आपोआप उचललं जातं आणि पडतं, बरोबर ठोक्यावर. ते पडलं की तो बोटाकडे बघतो, उठतो, आणि गाणं बंद करतो.